सुयांचे दोन डबे

धनुर्वात झालेल्या बाळाला रडता येत नाही. रडायचं असतं, चेहरा रडल्यासारखा होतो, पण जबडा उघडत नाही. आईनं छातीशी धरलं तर ओठ दुधाला लागतात आणि तिथंच थांबतात. हे मी शिकत असताना पुस्तकात वाचलं होतं. प्रत्यक्ष एकदाच पाहिलं, आणि त्यात माझा हात होता. एवढं आधीच लिहून टाकते. पुढं लिहिताना मी अंग चोरीन. चौदा वर्षं तेच केलं आहे.

मी सरकारी नर्स. माहेर वालूरचं, घरी शेती. पहिली नेमणूक झाली ती झरीच्या पुढं, आतल्या अंगाला असलेल्या एका गावात. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन दोनेक वर्षं झाली होती. ठरावानंतरच्या त्या दिवसांत गावातल्या बौद्धवाड्यातली घरं जाळली होती. 'जळाली होती' असं लिहिणार होते. गावात तसंच म्हणायचे, जणू काही आपोआप. माणसं परभणीला निघून गेली होती, ती नुकती कुठं परतली होती. नव्या पत्र्यांची छपरं लांबून डोळ्यावर यायची. गाव तिकडं बघत नव्हतं. कामाला बोलवत नव्हतं. गिरणीत त्यांचं दळण सगळ्यात शेवटी. वाड्याचं नवं नावसुद्धा कुणी तोंडातून काढत नव्हतं. जुनंच, शिवीसारखं, चालू होतं.

माझं काम बायांचं. गरोदर बाईला रक्तवाढीच्या गोळ्या द्यायच्या, आणि गोळ्यांनी मूल काळं होतं असं मानून ती त्या उकिरड्यावर टाकते हे माहीत असूनही पुन्हा द्यायच्या. आणि धनुर्वाताची दोन इंजेक्शनं, महिन्याच्या अंतरानं. आईच्या दंडात दिलेलं औषध पोटातल्या बाळाला वाचवतं; पण एकानं भागत नाही, दुसरं झालंच पाहिजे. तेव्हा काचेची सिरिंज असायची आणि सुया त्याच त्या. एकीला टोचली की सुई डब्यात, डबा स्टोव्हवर, वीस मिनिटं खळखळ उकळायचा. मग पुढची बाई.

माझी खोली गावातल्या एका मोठ्या घराला लागून होती. मालकीणबाईंना मी काकू म्हणायचे. त्यांच्याच ओसरीवर महिन्यातून एकदा इंजेक्शनं व्हायची. ओसरीवरच्या बाया झाल्या की मी पेटी उचलून बौद्धवाड्यात जायची. दुसऱ्याच महिन्यात काकूंनी विचारलं. त्या ज्वारी पाखडत होत्या, सूप थांबवलं नाही.

"नर्सबाई, तिकडं पन हीच सुई का?"

"हो काकू. पण उकळून घेते ना."

"आन् मंग तीच मपल्या सुनंच्या दंडात?"

"वीस मिनिटं उकळते. सगळे जंतू मरतात."

"जंतू मरत असतील," काकू म्हणाल्या. "जात मरती का?"

ओसरीवरच्या बाया हसल्या. मीही हसले. हे लिहायला मला सगळ्यात जड गेलं, बाळाचं लिहिण्यापेक्षाही. मला कुणी धाक घातला नव्हता. हसू आलं, मी हसले.

"येगळी ठिवा," काकू म्हणाल्या. "न्हाई तर आमच्या सुना येनार न्हाईत. मंग वरून सायब आले की काय दाखवायचं ते तुमचं तुमी बगा."

मी बौद्धवाड्यासाठी दुसरा डबा काढला. त्यात ओसरीवरच्या सुया जायला नकोत म्हणून त्याच्या कडीला एक चिंधी बांधली. एवढ्यावर थांबले असते तरी गावानं करायला लावलं असं म्हणता आलं असतं. पण नव्या सुया आल्या की मी त्या बिनचिंधीच्या डब्यात टाकायची आणि बोथट झालेल्या जुन्या चिंधीच्या डब्यात. हे काकूंनी सांगितलं नव्हतं. हे माझं. माझ्या घरी पाहुण्यांचे कप वेगळे आणि दारावर येणाऱ्यांचा कानतुटका कप वेगळा, कोनाड्यात पालथा घातलेला. तोच हात मी नोकरीत वापरला. मला त्यात काही खटकलं नाही. बौद्धवाड्यात मी पाणीसुद्धा प्यायची नाही. "आत्ताच पिऊन आले" असं म्हणायची, दर वेळी तेच.

बौद्धवाड्यात एक म्हातारी दाई होती. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. बाळंतपणापुरते तिचे हात गावाला चालायचे, आणि बाराव्या दिवशी तिला जेवण मिळायचं ते अंगणात. तिची सून माहेरची पूर्णेची. बाप रेल्वेत गँगमन, पोरगी सातवी पास. पहिलंच पोट, सहावा महिना. बाकीच्या बाया दंड पुढं करून मान फिरवायच्या. ही माझ्या हाताकडं बघत होती.

"बाई, दोन डबे कामून?"

"एक भरला की दुसरा लागतो."

"मंग याला चिंधी कशाची?"

"ओळखायला."

"काय ओळखायला?"

मी म्हटलं, "दंड सैल सोड."

त्या दिवशीचं आता सांगते. ओसरीवर बाया जास्त आल्या होत्या. स्टोव्हमधलं रॉकेल बौद्धवाड्यात पोचल्यावर संपलं. चिंधीच्या डब्यातलं पाणी गरम झालं होतं, वाफ येत होती, उकळलं नव्हतं. मागं फिरून काकूंकडं रॉकेल मागता आलं असतं. पाच मिनिटांची वाट. पण काकू विचारणार, कुणासाठी? ते उत्तर द्यायला नको म्हणून मी गेले नाही. वाफ आलीय म्हणजे झालं, असं स्वतःला सांगितलं. शेजारी चूल पेटलेली होती, त्या चुलीवरही डबा ठेवता आला असता. त्यांच्या चुलीवर ठेवायचा नव्हता. चार बायांना टोचलं. चौथी ती.

तीन बायांना काही झालं नाही. तिच्या दंडाला गळू झालं. लिंबाएवढं. पंधरा दिवस ताप, रोजंदारी बुडाली. मी गेले तेव्हा तिचा नवरा दारातच आडवा उभा राहिला.

"आता काय राहिलं, बाई? दुसरा दंड?"

सासू मधे पडली. "जाऊ दी रं. बाई काय मुद्दाम करतीय का?" मग माझ्याकडं वळून हात जोडले. दाईच तर होती, आम्ही दोघी एकाच कामातल्या असं ती मानायची. तिचे ते जोडलेले हात मी बघून घेतले आणि गळू कापून पट्टी केली. तोंडातून चूक कबूल करणारा एक शब्द काढला नाही. "काही काही अंगाला मानवत नाही," असं म्हणाले. अंगावर ढकललं. तिच्याच.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या इंजेक्शनाला बौद्धवाड्यातली एकही बाई पुढं आली नाही. मी घरी गेले. ती धुणं वाळत घालत होती, एकाच हातानं.

"दुसरं घ्यावं लागेल," मी म्हटलं. "नाही तर पहिल्याचा उपयोग नाही."

"मला मालूम हाय. तुमीच सांगितलंय ते."

"मग?"

"घेते की. माझी ना कुठं हाय? दोन्ही डबे एक करा. त्या काकूच्या ओसरीवर, समद्या बायांच्या देखत. एकाच पाण्यात उकळा. मी येते तिथं, पायरीवर बसून घेते. वर पन बसत न्हाई, भिऊ नका."

"असं कसं होईल?"

"कामून न्हाई होनार? आमच्या सासूनं नाळ कापलेली पोरं त्या ओसरीवर खेळायलीत. तिच्या हाताला काय चिंधी बांधता का?"

"तुझ्या बाळाचा प्रश्न आहे. हट्टाची गोष्ट नाही ही."

"हट्ट तर हट्ट," ती म्हणाली. "पन सुई ती घेनार. तुमच्या कानतुटक्या सुया तुमाला लखलाभ."

कानतुटक्या. तिनं माझ्या माहेरचा कोनाडा कधी पाहिलेला नव्हता. बघायची गरज नसते.

तिच्या पोटाला सातवा चालू होता. दुसरं इंजेक्शन बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी व्हायला हवं. म्हणजे माझ्या हातात चार आठवडे होते, फार तर पाच. गोष्ट एवढीच होती: एक डबा दुसऱ्यात ओतायचा, लोकांसमोर. त्यात औषध लागत नव्हतं, वरची परवानगी लागत नव्हती, मोटार लागत नव्हती. पुढच्या इंजेक्शनांच्या दिवशी मी ठरवून ओसरीवर गेले. दोन्ही डबे मांडले. काकूंची सून समोर बसली होती, सहा महिन्यांची, बाही वर केलेली. मी म्हटलं, "काकू..."

"काय वो?"

"काही नाही. पाट द्या जरा."

पाट दिला. मी पाटावर बसले.

त्याच आठवड्यात वरचे डॉक्टर तपासणीला आले. वही चाळताना बोट ठेवलं. "हिचं दुसरं राहिलंय का?" त्यांना सांगता आलं असतं. चांगला माणूस होता, त्यानं स्वतः ओसरीवर उभं राहून डबे एक केले असते. म्हणूनच सांगितलं नाही. मग दोन डबे केलेच का, हे विचारलं असतं. मी त्या रकान्यात लिहिलं: नकार.

बाळंतपण सासूनं केलं. मुलगा. ब्लेड मी दिलेलं, कोरं. उकळून वापरलं तिनं. पण नाळ कापल्यावर वर चुलीतली राख लावली, तिची आई लावायची तशी. मी सातव्या दिवशी गेले होते दुसऱ्या कामाला, तेव्हा ती सून दारात बाळ घेऊन बसलेली दिसली. "कालपासून पीत न्हाई," एवढंच म्हणाली. मी बाळाच्या हनुवटीला बोट लावलं. जबडा आवळला. माझ्या बोटाखाली.

सकाळच्या एसटीनं आम्ही तिघी परभणीला दवाखान्यात गेलो. बाळ, ती, सासू, मी. तिघी लिहिलं बघा. बाळ धरलंच नाही. गाडी खड्ड्यात आदळली की बाळाचं अंग धनुष्यासारखं वाकायचं. कंडक्टर म्हणाला, "मागं बसा, बाकीच्या पोरांना लागंल." कुणी जागा दिली नाही. मी नर्स असल्याचं सांगून मागू शकले असते.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाहिलं आणि सासूवर भडकले.

"राख लावली? कुणी सांगितलं होतं राख लावायला? तुम्ही दाया म्हणजे ना, मारता पोरं!"

म्हातारीनं हात जोडले. "लावली जी. म्याच लावली. चुकलं मपलं."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "आईला दोन्ही डोस झाले होते?"

"एकच झाला, सर. दुसऱ्याला नकार दिला."

भिंतीला टेकलेली ती सून पुढं आली. ओली बाळंतीण, उभं राहवत नव्हतं तिला.

"डाक्टर, म्या नकार न्हाई दिला. शर्त घातली होती. इचारा बाईला, काय शर्त होती ते."

"कसली अट?" डॉक्टर म्हणाले.

त्या वेळी मला दोन वाक्यं बोलायची होती. म्हातारीवरचा आळ उतरला असता. बाळ वाचलं नसतं, पण म्हातारी सुटली असती.

मी म्हणाले, "काही नाही सर. गावातल्या भानगडी आहेत. तुम्हाला माहीतच आहे, सध्या कसं चाललंय."

डॉक्टरांनी मान हलवली. तेही आमच्यातलेच होते. दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ गेलं.

म्हातारीनं त्यानंतर दाईपण सोडलं. गावातून बोलावणं आलं तरी गेली नाही. लोक म्हणाले, माजली. मलाही ती राख लावणारी बाई म्हणून बरी पडली. प्रशिक्षणात मी तिचा दाखला देत असे. नाव न घेता. वर्षानुवर्षं.

या वर्षी विद्यापीठाला नाव मिळालं. त्यानंतर काही महिन्यांनी पूर्णेला अंगणवाडीच्या बायांचं शिबिर होतं आणि शिकवायला मी. आता माझ्या हाताखाली सहा नर्सा आहेत. तिसऱ्या रांगेत ती बसली होती. नवऱ्याला घेऊन ती माहेरी, पूर्णेलाच राहायला आली होती आणि अंगणवाडी चालवत होती. मी राखेचा दाखला द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर तीच उठली.

"सुया किती वेळ उकळायच्या, बाई?"

"वीस मिनिटं."

"समद्यांच्या?"

"सगळ्यांच्या."

तिनं ते वहीत लिहून घेतलं. खरंच लिहिलं. बाकीच्या बाया कंटाळल्या होत्या, त्यांना चहा हवा होता.

बाहेर मी तिला गाठलं. म्हटलं, मला बोलायचंय. रॉकेलचं सांगितलं, वाफेचं सांगितलं, बोथट सुयांचं सांगितलं. एका दमात. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सासू मेली मपली. शेवटपातूर म्हणायची, म्या मारलं लेकराला. त्या दिशी दोन शब्द बोलला असता तर म्हातारी सुखानं मेली असती."

"माझं चुकलं."

"मला कामून सांगायलाव? मला तर पहिल्यापासून मालूम हाय. मला सांगून तुमी मोकळ्या होनार. म्या न्हाई करनार मोकळं. त्या ओसरीवर जाऊन सांगा, जिथं चिंधी बांधली तिथं." आणि चालायला लागली. चहा न घेता.

मी गेले. सांगितलं म्हणून गेले, स्वतःहून नाही. काकू आता थकल्यात, खाटेवर असतात, कारभार सुनेकडं. त्याच सुनेकडं, जिची बाही त्या दिवशी वर केलेली होती. तिचा मुलगा चौदा वर्षांचा, झरीला शाळेत जातो. मला बघून आनंद झाला त्यांना. शेजारच्या चार बाया जमल्या. मी चहा येण्याच्या आत सांगून टाकलं. दोन डबे होते. बौद्धवाड्याच्या डब्यातलं पाणी मी उकळलं नाही. दोन्ही डबे एक करायची तिची अट मी पाळली नाही. त्यामुळं ते लेकरू गेलं.

काकूंच्या सुनेनं मान हलवली. "मंग? तुमी आमचा शबुद ठिवला."

"लय माणुसकीची बाई," काकू खाटेवरून म्हणाल्या. "आताच्या नर्सा ऐकतेत का कुणाचं?"

शेजारीण म्हणाली, "आन् ते राखंनं गेलं, बाई. तुमी कामून मनाला लावून घ्यायलाव?"

चहा आला. पाहुण्यांच्या कपात. तो मी खाली ठेवला. मग मी उरलेलं सांगितलं, जे आजवर कुणालाच, पूर्णेला तिलाही, सांगितलं नव्हतं: बाळ गेल्यावर मी दोन्ही डबे एक केले होते. खोलीचं दार लावून, कुणाला न कळवता. चिंधी चुलीत टाकली. दोन डबे मांडायची तेवढी, पण सुया एकत्रच उकळायची. पुढची तीन वर्षं या ओसरीवरच्या प्रत्येक दंडाला बौद्धवाड्यातलीच सुई लागली होती. सुनेच्या दुसऱ्या बाळंतपणातही.

शेजारणीचा हात आपोआप स्वतःच्या दंडावर गेला. सून उभी राहिली.

"आमाला न सांगता?"

"सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"मंग? न्हाई म्हनायचा हक न्हाई का आमाला? फसवलं तुमी. आमच्या घरात राहून, आमचं खाऊन."

"कुणाला काही झालं का?"

"झालं न झालं तो सवाल न्हाई," ती ओरडली. "इस्वास ठिवला होता!"

काकू भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "उठीव तिला."

मला उठवायची वेळ आली नाही. ओसरीवर मी अर्धा तास होते. मी जे वाईट केलं त्याबद्दल त्यांनी माझी पाठ थोपटली आणि जे बरं केलं त्याबद्दल हाकललं. बाळाबद्दल कुणी विचारलं नाही; मुलगा होता की मुलगी, तेही नाही. पायरी उतरताना मागं कप आदळल्याचा आवाज आला. बहुतेक माझाच असावा, फुटला की नाही ते बघायला मी वळले नाही.

पूर्णेला तिला मी दोन ओळी लिहिल्या: ओसरीवर सांगितलं. सासूबाईंचा दोष नव्हता, हे त्या दिवशीच्या डॉक्टरांनाही पत्रानं कळवलं आहे. डॉक्टरांचं पत्र पत्ता सापडला नाही म्हणून परत आलं. तिचं परत आलं नाही, म्हणजे पोचलं असावं. उत्तर नाही. मी वाट बघते, हे खरं आहे. आणि बघू नये, हेही मला कळतं.